देवगंधर्व भास्करबुवा बखले : मुलांसाठी गाण्याचे गुरू निवडताना आठवावे असे चरित्र



जून महिना आला की शाळेच्या फाटकाशी वह्या-पुस्तकांच्या बरोबरीने अजून एक विषय निघतो. मुलाला गाण्याच्या क्लासला घालायचंय, कुठे घालू? आमच्या सदाशिव पेठेत तर हा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच अवघड होतो. इथे जुन्या वाड्यांच्या जिन्यावर, नव्या इमारतींच्या पहिल्या मजल्यावर क्लासच्या पाट्या दिसतात. संध्याकाळी एका बोळातून चालत गेलं तरी दोन-तीन पेट्यांचे आवाज कानावर येतात. मग पालक काय बघतात? क्लास घराजवळ आहे का, फी किती, परीक्षेला कधी बसवणार, गॅदरिंगला गाणं बसवून देणार का. यातलं काहीच चुकीचं नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलाचा गळा आणि त्याची गाण्याची आवड आपण ज्यांच्या हातात देतो, ते गुरू कसे असावेत, हा प्रश्न मागेच राहतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आपल्या पुण्यातल्याच एका थोर गायकाचं चरित्र फार उपयोगी वाटतं. ते म्हणजे देवगंधर्व भास्करबुवा बखले. ते स्वतः लहानपणी गाणारे मूल होते, मोठेपणी उत्तम शिष्य होते आणि नंतर अनेकांचे गुरू झाले. चला तर मग, त्यांच्या आयुष्याची ओळख करून घेऊया.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : भास्कर रघुनाथ बखले
जन्म : १७ ऑक्टोबर १८६९, कठोर (तेव्हाचे बडोदे संस्थान, आजचे गुजरात राज्य)
गुरू : विष्णुबुवा पिंगळे, बंदे अली खाँ, फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ
संस्था : भारत गायन समाज, पुणे (स्थापना १९११)
प्रमुख शिष्य : मास्तर कृष्णराव, बालगंधर्व, दिलीपचंद्र वेदी
मृत्यू : ८ एप्रिल १९२२, पुणे

गाणारा मुलगा

भास्करचा जन्म गरीब घरातला. घरात गाण्याची परंपरा नव्हती, पण मुलाचा गळा गोड होता. तेव्हाचं बडोदं हे मराठी माणसांचं आणि गाण्याचं मोठं ठिकाण. दरबारात नामवंत गवई आणि वादक होते, गावात कीर्तनं चालायची. तिथे विष्णुबुवा पिंगळे यांच्याकडे भास्करला गाण्याचे पहिले धडे मिळाले. पिंगळेबुवा कीर्तनकार. म्हणजे या मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते शब्द, चाल, ताल आणि गोष्ट असं सगळं एकत्र असलेलं गाणं. लहान मुलांना गाणं असंच आवडतं हे आपण वर्गात रोज बघतो. नुसते अलंकार घोटून घेतले तर पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. तेच गोष्टीतून गाणं आलं की सगळा वर्ग गातो.

त्या काळात महाराष्ट्रात एक मोठा बदल घडत होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' नाटक रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. स्त्रियांच्या भूमिका तेव्हा मुलगे आणि तरुण पुरुष करत. त्यामुळे गोड गळ्याच्या मुलांना नाटक मंडळीत मागणी असायची. बडोद्याचेच भाऊराव कोल्हटकर असे किर्लोस्कर मंडळीत आले आणि महाराष्ट्राचे लाडके झाले. भास्करही या मंडळीत दाखल झाला. १८८४ साली आलेल्या 'रामराज्यवियोग' नाटकात त्याला कैकेयीची भूमिका मिळाली. तेव्हा त्याचं वय पंधराच्या आसपास होतं.

मंडळीचा मुक्काम इंदूरला असताना थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी या मुलाचं गाणं ऐकलं. त्यांना तो आवाज इतका भावला की त्यांनी स्वतःहून त्याला शिष्य करून घेतलं. ही तालीम फार दिवस चालली नाही, पण शास्त्रीय संगीताचं दार भास्करसाठी तिथे उघडलं.

आवाज फुटला तेव्हा

पालकांनी इथे जरा थांबावं, कारण चरित्रातला सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे.

वयात येताना भास्करचा आवाज फुटला. मुलग्यांच्या बाबतीत ही अगदी नैसर्गिक गोष्ट आहे. साधारण बारा ते पंधरा या वयात स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज काही महिने मेंदूच्या हुकमात राहत नाही. मध्येच जाड, मध्येच पातळ, मध्येच गायब. मुलींचा आवाजही बदलतो, पण तो फरक इतका ठळक नसतो, म्हणून लक्षात येत नाही.

पण नाटक मंडळीला हवा होता तो कैकेयीचा गोड गळा. तो गेला तशी भास्करची मंडळीतली जागाही गेली. कालपर्यंत ज्या मुलाच्या पदांना टाळ्या मिळत होत्या, तो अचानक निरुपयोगी ठरला. नाटक मंडळीला तरी किती दोष द्यायचा? तिचा संसार तिकिटावर चालायचा. पण यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मुलाचा आवाज कार्यक्रमासाठी हवा असणं वेगळं आणि मूल गाणं शिकावं असं वाटणं वेगळं. आज टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा, गणेशोत्सवातले कार्यक्रम, गॅदरिंग, या सगळ्यात लहान मुलं चमकतात. चमकावीत, आनंदच आहे. पण आपल्या मुलाच्या गाण्याच्या बाईंना किंवा सरांना यातलं काय हवंय, हे पालकांनी ओळखायला हवं.

फैज महंमद खाँ : धीर धरणारे गुरू

आवाज फुटलेला भास्कर गाणं सोडून देऊ शकला असता. त्याने तसं केलं नाही. तो बडोद्याला ग्वाल्हेर घराण्याचे उस्ताद फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकू लागला. पुढची अनेक वर्षं त्याने त्यांच्याकडे काढली. गुरूंच्या घरची कामं करायची, सेवा करायची, आणि मिळेल ते गाणं टिपून घ्यायचं, अशी तेव्हाची रीत होती.

ही रीत आपण आज डोक्यावर घेऊ नये असं मला वाटतं. गाण्याच्या मोबदल्यात मुलांनी कुणाच्या घरी राबावं, अपमान सोसावा, हे आज कुठल्याही कारणाने योग्य नाही. गुरुभक्तीच्या नावाखाली तर अजिबात नाही. पण त्या तालमीतली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. ज्या आवाजाचा रंगभूमीला उपयोग उरला नव्हता, तो आवाज खाँसाहेबांनी टाकाऊ मानला नाही. वर्षानुवर्षं त्याच्यावर काम करून घेतलं. नवीन आवाज जसा होता तसा स्वीकारला आणि त्यातून गवई घडवला.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. संगीतक्षेत्रात आजही आदराने सांगितलं जातं की, शिष्य तयार झाल्यावर फैज महंमद खाँनीच त्याला पुढच्या तालमीसाठी आग्रा घराण्याच्या नत्थन खाँ यांच्या हाती सोपवलं. घराण्याची विद्या बाहेर जाऊ न देण्याचा तो काळ. तेव्हा एका घराण्याच्या उस्तादांनी आपला तयार शिष्य दुसऱ्या घराण्याकडे पाठवणं ही साधी गोष्ट नव्हती.

शिकवता शिकवता शिकणारे बुवा

नत्थन खाँ म्हणजे लयीवर विलक्षण हुकूमत असलेले गायक. पुढे ते म्हैसूर दरबारात होते. त्यांच्याकडे भास्करबुवांची तालीम वर्षानुवर्षं चालली. १९०१ मध्ये खाँसाहेबांचं निधन झालं.

याच सुमाराच्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्या शिक्षकांना खास जवळची वाटेल. भास्करबुवांनी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिक्षक म्हणून काम केलं. ट्रेनिंग कॉलेज म्हणजे शिक्षक घडवणारी संस्था, आजच्या भाषेत आपलं डी.एड. कॉलेजच म्हणा ना! मैफली गाजवणारा गवई उद्याच्या शाळामास्तरांना सूर-ताल शिकवत होता. ज्यांना गवई व्हायचं नाही, ज्यांतल्या अनेकांचा गळा बेताचाच असणार, अशांना गाणं शिकवणं हे वेगळंच काम आहे. ते काम बुवांनी केलं. धारवाडच्या परिसरात हिंदुस्थानी संगीत रुजलं, त्यात ज्या गायकांचा वाटा सांगतात त्यांत भास्करबुवांचं नाव असतं.

नत्थन खाँ गेले तेव्हा बुवांनी तिशी ओलांडली होती. नाव झालं होतं. तरीही ते पुन्हा शिष्य झाले. कोल्हापूरच्या दरबारात असलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. ग्वाल्हेरची मोकळी, स्वच्छ मांडणी, आग्र्याची लयदार बोलअंगाची गायकी आणि जयपूरची पेचदार, अनवट रागांची विद्या, असा तिहेरी खजिना एका गळ्यात आला. उत्तरेत जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यातही त्यांना मोठा मान मिळाला. एका मराठी गायकाने पंजाबातले जाणकार श्रोते जिंकले.

पुण्यात भारत गायन समाज

गाण्याच्या शिक्षणाची संस्था ही कल्पना पुण्याला नवी नव्हती. १८७४ मध्येच इथे पूना गायन समाज सुरू झाला होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची संगीतशाळा १८८६ मध्ये सुरू झाली. लाहोरला पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं उस्तादांच्या घरातून शाळेच्या वर्गात येत होतं.

१९११ मध्ये भास्करबुवांनी पुण्यात किर्लोस्कर भारत गायन समाज स्थापन केला. पुढे तो भारत गायन समाज या नावाने ओळखला जाऊ लागला. आमच्या पेठेतून चालत जाता येईल अशी ही संस्था. नावातला किर्लोस्कर शब्द बघा. ज्या नाटक मंडळीतून मुलगा म्हणून बाहेर पडावं लागलं, तिचंच नाव त्यांच्या संस्थेला लागलं. बुवांनी मनात अढी धरली नाही. मराठी रंगभूमीला तर त्यांनी भरभरून दिलं. 'विद्याहरण' (१९१३), 'स्वयंवर' (१९१६), 'द्रौपदी' (१९२०) या खाडिलकरांच्या नाटकांतली पदं बुवांच्या चालींनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली.

शिष्य अनेक, गाणी अनेक

गुरू कसे होते हे शिष्यांकडे बघून कळतं. भास्करबुवांचे शिष्य बघा.

बालगंधर्व. रंगभूमीवरचा नट, अत्यंत सुरेल आणि लाघवी गळा. बुवांनी त्यांना मैफलीचा ख्यालिया बनवण्याचा हट्ट धरला नाही. त्या गळ्याला आणि त्या भूमिकांना शोभतील अशा चाली आपल्या रागदारीच्या भांडारातून निवडून दिल्या.

मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. जन्म १८९८, आळंदीचा. हाही मुलगा बालनट म्हणून गाजलेला. बुवांकडे आला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, म्हणजे बरोबर त्या वयाचा, ज्या वयात स्वतः बुवांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली होती. पुढे कृष्णरावांनी मैफलही गाजवली, नाटकंही गाजवली, प्रभात फिल्म कंपनीच्या 'माणूस' आणि 'शेजारी' सारख्या चित्रपटांना संगीत दिलं. शिवाय गुरूंचा भारत गायन समाज सांभाळला आणि विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं लिहिली.

दिलीपचंद्र वेदी. थेट पंजाबातून आलेले शिष्य. त्यांचं गाणं आणखी वेगळं.

या तिघांचं गाणं शेजारी शेजारी ठेवून ऐकलं तर एकाच गुरूंचे शिष्य आहेत असं पटकन ओळखू येत नाही. सगळ्यांना आपल्यासारखं गायला लावणारे गुरू हे नव्हते. ज्याच्या गळ्यात जे आहे तेच फुलवायचं, ही त्यांची रीत दिसते. भास्करबुवांना आयुष्य मात्र थोडं मिळालं. ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते फक्त ५२ वर्षांचे होते.

मग आज गुरू निवडताना काय बघावं?

भास्करबुवांच्या चरित्रातून मला पालकांसाठी काही मुद्दे काढता येतात.

१) मुलाची पट्टी कोण ठरवतं? हा पहिला प्रश्न. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास गातात. लहान मुलांना, मुलगा असो वा मुलगी, साधारण काळी चार ते काळी पाचच्या आसपासची पट्टी सोयीची पडते, आणि त्यातही प्रत्येकाचं थोडं वेगळं. चुकीच्या पट्टीत मूल खाली घोगरं होतं किंवा वर किंचाळतं, आणि मग आपण त्याला बेसूर म्हणतो! आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी प्रार्थनेला नुसते ओठ हलवायची. क्लासमध्ये तिला बेसूर म्हणून मागे बसवलं होतं. पेटीवर प्रार्थनेची पट्टी चार स्वर वर नेली आणि ती गायला लागली. पहिल्या दिवशी हळू, पंधरा दिवसांत मोकळी. जे गुरू आधी मुलाला गायला लावून मग पेटीवर सा शोधतात, तिथे निम्मी काळजी मिटली.

२) 'बेसूर' हा शब्द वापरतात का? सहा-सात वर्षांच्या बऱ्याच मुलांचा सूर अजून स्थिर झालेला नसतो. ऐकून ऐकून तो स्थिर होतो. या वयात मुलाला बेसूर ठरवणं म्हणजे पहिलीतल्या मुलाला निरक्षर म्हणण्यासारखं आहे.

३) आवाज बदलण्याच्या वयात काय करतात? मुलगा सहावी-सातवीत असेल तर सरांना सरळ विचारा. चांगले गुरू म्हणतील, पट्टी खाली घेऊ, जोर द्यायचा नाही, काही दिवस ऐकणं, ताल, तबला किंवा पेटी यावर भर देऊ. आवाज फुटलाय, आता कशाला येता, असं उत्तर आलं तर ते नाटक मंडळीचं उत्तर झालं.

४) एक तास वर्गात बसू देतात का? मुलं हसतात का, प्रश्न विचारतात का, गुरू स्वतः गाऊन दाखवतात का, हे तासाभरात दिसतं. फोनवर लावलेल्या गाण्यामागे गायला लावणं म्हणजे शिकवणं नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तर क्लासचं दार पालकांसाठी उघडं असायलाच हवं.

५) परीक्षेची घाई आहे का? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांमुळे शिक्षणाला शिस्त येते, हे खरंच आहे. पण वर्षभर परीक्षेचे तेवढेच राग घोकले आणि परीक्षा झाल्यावर मूल घरी एकदाही गुणगुणलं नाही, तर प्रमाणपत्राचं करायचं काय?

६) सगळी मुलं सारखीच गातात का? क्लासच्या कार्यक्रमाला जाऊन ऐका. प्रत्येक मूल गुरूंची नक्कल करत असेल तर सावध व्हा.

७) पुढे पाठवायची तयारी आहे का? हे मूल आता माझ्यापुढे गेलं, याला अमक्यांकडे पाठवा, किंवा याला गाण्यापेक्षा तबल्याची ओढ आहे, असं म्हणणारे गुरू भेटले तर ते फैज महंमद खाँच्या वाटेवरचे समजा. त्यासाठी ते फार मोठे कलाकार असायला हवेत असं नाही.

आणि पालकांनीही एक पथ्य पाळावं. भास्करबुवांचे पहिले गुरू कीर्तनकार होते. सुरुवातीलाच नामवंत कलाकार गाठण्याचा हट्ट नको. लहान मुलाला आधी गाण्याची गोडी लावणारे हवेत. विद्येचे गुरू पुढे भेटत जातात.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

• आठवड्यातून एक दिवस प्रार्थना वेगळ्या पट्टीत घ्या. कुठल्या पट्टीत जास्तीत जास्त मुलं मोकळी गातात ते नोंदवा आणि तीच कायम ठेवा.
• एकच ओवी किंवा बडबडगीत पाच मुलांना आपापल्या पद्धतीने म्हणू द्या. कोण चांगलं हे ठरवू नका, काय वेगळं वाटलं ते विचारा.
• सहावी-सातवीच्या मुलग्यांशी आवाज बदलण्याबद्दल मोकळेपणाने बोला. वर्गात हसं होण्याआधी माहिती पोचलेली बरी.
• मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांचं एकेक ध्वनिमुद्रण मुलांना ऐकवा आणि दोघांचे गुरू एकच होते हे नंतर सांगा.

थोडा विचार करूया

१) भास्करला नाटक मंडळीतली जागा का गमवावी लागली?
२) फैज महंमद खाँनी शिष्याला दुसऱ्या गुरूंकडे का पाठवलं असेल?
३) नाव झाल्यावरही भास्करबुवा अल्लादिया खाँकडे शिकायला गेले. यातून कोणता गुण दिसतो?
४) पालकांसाठी : आपल्या मुलाने क्लासबाहेर, स्वतःच्या मनाने शेवटचं गाणं कधी म्हटलं?

शेवटचा प्रश्न आज घरी नक्की स्वतःला विचारा. मूल आंघोळ करताना, खेळताना, रिक्षातून येताना गुणगुणत असेल तर क्लास बरोबर आहे. आठ-आठ महिने घरात गाणं ऐकू येत नसेल, तर फी भरण्याआधी एकदा गुरूंशी शांतपणे बोला, आणि गरज वाटली तर दुसरे गुरू शोधा. भास्करबुवांनी एकामागून एक पाच गुरू केले आणि पाचांचाही मान ठेवला. आपल्या मुलांनाही तेवढी मोकळीक असू द्या.

तुमच्या शाळेतले, तुमच्या गावातले असे मुलांना फुलवणारे संगीत शिक्षक असतील तर त्यांच्या पद्धती जरूर कळवा. आपण सगळे मिळून शिकूया.